उलट्या हातांचा गोल्फपटू

गोल्फच्या खेळात चेंडू जमिनीवर स्वस्थ पडलेला असतो, आणि तरीही तो नीट मारणे ही मोठी कठीण गोष्ट. क्रिकेटमधला फलंदाज अंगावर येणाऱ्या चेंडूला उत्तर देतो. गोल्फ खेळणाऱ्याला प्रश्न आणि उत्तर दोन्ही स्वतःच निर्माण करावी लागतात. म्हणूनच काठी कशी धरावी, खांदे किती वळवावेत, मनगट केव्हा सैल सोडावे, या विषयांवर या खेळात जेवढा काथ्याकूट झाला आहे तेवढा क्वचितच दुसऱ्या खेळात झाला असेल. जर्सी बेटावर जन्मलेल्या हॅरी व्हार्डन या व्यावसायिक खेळाडूने १८९६ ते १९१४ या काळात ब्रिटनची खुली स्पर्धा सहा वेळा जिंकली, आणि उजव्या हाताची करंगळी डाव्या तर्जनीवर टेकविण्याची त्याची पकड प्रमाण मानली गेली. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा हात वर, उजवा खाली. हा नियम शास्त्रवचनासारखा पक्का झाला.

हे शास्त्र ज्याच्या कानांवर पडलेच नव्हते असा एक मुलगा दक्षिण आफ्रिकेतील डर्बन शहरात वाढत होता. दफ्तरी त्याचे नाव सेवसंकर सेवगोलम असे लागले होते. वसाहतीच्या कारकुनांनी हिंदी नावांची जी दशा केली ती पाहता ते मुळात शिवशंकर शिवगुलाम असावे. लोक त्याला पापवा म्हणत. उसाच्या मळ्यांसाठी हिंदी मजुरांना घेऊन जाणारे ‘ट्रुरो’ हे पहिले जहाज मद्रासहून निघून १६ नोव्हेंबर १८६० रोजी डर्बनला लागले होते. पुढे कलकत्त्याहूनही जहाजे सुटली. उत्तरेकडच्या भोजपुरी मुलुखातले गिरमिटिये आणि दक्षिणेकडचे तमिळ व तेलुगू मजूर परक्या भूमीवर शेजारी झाले. गांधीजींच्या लढ्यात तुरुंगवास भोगून १९१४ मध्ये कोवळ्या वयात मरण पावलेली वळ्ळीअम्मै हिचे आईबाप कुंभकोणमच्या पूर्वेकडे असलेल्या तिल्लैयाडी गावचे होते. पापवाचा जन्म याच गिरमिटियांच्या जगातला.

गोऱ्यांच्या मैदानावर तो कॅडी म्हणून राबत असे. दुसऱ्यांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर वाहायची, आणि मोकळ्या वेळी झाडाची फांदी तासून केलेल्या काठीने स्वतः चेंडू मारायचा, अशी त्याची शाळा. अक्षरओळखही त्याला बेताचीच. सांगणारा कोणी नसल्यामुळे त्याने काठी धरली ती उलटी: उजवा हात वर, डावा खाली. तो उजव्याच बाजूने खेळे; हातांची जागा तेवढी बदललेली. उजव्या हाताने खेळणारा फलंदाज मुठीवर हातांची अदलाबदल करून उभा राहिला तर प्रेक्षक हसतील. पापवा मात्र आयुष्यभर तसाच खेळला.

या पकडीत दोष आहेत. काठी मागे नेताना डाव्या हाताला छातीपलीकडे फार लांब जावे लागते, त्यामुळे झोका आखूड राहतो. तडाख्यानंतर दोन्ही बाहू एकमेकांच्या आड येतात. पण तिच्यात एक गुणही आहे. डावा हात खाली, काठीच्या टोकाजवळ आल्यामुळे ऐन तडाख्याच्या क्षणी डावे मनगट मोडत नाही. नवशिक्याचा चेंडू बहुधा भरकटतो तो उजव्या हाताच्या आगाऊपणामुळे, आणि त्याच हाताला येथे वाव उरत नाही. पापवाच्या यशाचे श्रेय सगळे या पकडीला देणे भाबडेपणाचे होईल. हजारो वेळा मारलेल्या चेंडूंचा त्यातला वाटा अधिक मोठा असला पाहिजे.

प्रसाधनद्रव्ये बनविणाऱ्या ग्रॅहॅम वुल्फ या गोऱ्या उद्योजकाने त्याचे गुण हेरले, आणि १९५९ मध्ये स्वतःच्या लहान विमानातून त्याला युरोपात नेले. त्याच वर्षी पापवाने हॉलंडची खुली स्पर्धा जिंकली. १९६० मध्ये पुन्हा, आणि १९६४ मध्ये तिसऱ्यांदा.

परदेशात विजेता ठरलेला हा माणूस मायदेशी परवान्याचा धनी होता. वर्णभेदाच्या कायद्यांमुळे गोऱ्यांच्या स्पर्धेत उतरण्यासाठी खास परवानगी लागे. ती मिळाली तरी क्लबच्या इमारतीत पाऊल टाकता येत नसे. १९६३ मध्ये डर्बन कंट्री क्लबच्या मैदानावर त्याने नाताळची खुली स्पर्धा जिंकली. बक्षीस समारंभाच्या वेळी पाऊस पडत होता. गोरे खेळाडू आणि पाहुणे आत छपराखाली होते, आणि विजेत्याने आपला चषक बाहेर पावसात स्वीकारला. ते छायाचित्र जगभरच्या वृत्तपत्रांतून झळकले. दक्षिण आफ्रिकेला क्रीडाजगतातून वगळावे अशी मागणी करणाऱ्यांना दहा व्याख्यानांनी जे साधले नसते ते या एका चित्राने साधले. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकचे त्या देशाचे निमंत्रण मागे घेतले गेले, आणि १९७० मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने त्याला बाहेर काढले.

पापवाची किंमत मात्र त्याआधीच वसूल झाली होती. १९६५ मध्ये त्याच नाताळ स्पर्धेत त्याने गॅरी प्लेअरला मागे टाकले. प्लेअर त्या काळी जगातल्या अग्रगण्य खेळाडूंपैकी एक; त्याच वर्षी त्याने अमेरिकेची खुली स्पर्धाही जिंकली. एका माजी कॅडीने त्याला हरवावे हे सरकारला पचले नाही. लवकरच पापवाला देशातील अशा स्पर्धांची दारे बंद झाली, पारपत्रही काढून घेतले गेले. ऐन उमेदीतल्या खेळाडूचे हात असे बांधले गेल्यावर उरते काय? १९७८ मध्ये, पन्नाशी गाठण्यापूर्वीच, तो विपन्नावस्थेत वारला. स्वतंत्र दक्षिण आफ्रिकेने त्याला मरणोत्तर सन्मान दिला, आणि डर्बनच्या एका सार्वजनिक गोल्फ मैदानाला त्याचे नाव मिळाले.

त्याच्या पूर्ण झोक्याचे अनुकरण फारसे कोणी केले नाही. अमेरिकेतला चार्ली ओवेन्स हा कृष्णवर्णीय खेळाडू उलट्या हातांनीच खेळे आणि १९८६ मध्ये त्याने ज्येष्ठांच्या दोन स्पर्धा जिंकल्या. पण तोही आपल्या वाटेने तेथे पोहोचलेला. हिरवळीवर चेंडू हलकेच खळग्याकडे ढकलताना मात्र डावा हात खाली धरणारे व्यावसायिक खेळाडू आज जगभर दिसतात. मनगट मोडू नये म्हणून तसे धरावे, असे आता शिक्षकच शिकवितात.