दान आणि दाद

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



गेल्या पन्नास वर्षांत आपल्या धर्मग्रामाने काय काय दिले, याचा हिशेब या मंगल प्रसंगी अनेक वक्त्यांनी आपणांपुढे मांडला. औषधपाणी, मुलांची फी, धान बुडाले त्या वर्षी वाटलेले तांदूळ, हे सर्व खरे आहे व त्याबद्दल परमेश्वराचे उपकार मानणे योग्यच आहे. परंतु आम्ही आज जे दिले गेले नाही त्याविषयी बोलणार आहो.

निमित्त असे की, आपल्यातील एका कन्येची एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या भारतातील कचेरीत मानवी हक्क अधिकारी म्हणून नेमणूक झाली आहे. तिच्या मातापित्यांनी आम्हांस विचारले, "फादर, शिक्षिकेचे काम कळते, परिचारिकेचे कळते, पण हक्कांचा अधिकारी दिवसभर करतो तरी काय?" प्रश्न सरळ होता, उत्तर देताना मात्र आम्हांस आमचीच एक चूक आठवली. ती आपणांपासून लपवून उपदेश करणे आम्हांस शोभणार नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. चैत्राचे दिवस होते. जंगलकाठच्या एका टोल्यातील एक वृद्ध विधवा पहाटे मोहफुले वेचावयास गेली. अंगावर सरकारी पोशाख असलेल्या एका माणसाने तीस अडविले, टोपली हिसकावली, चोर म्हटले आणि काठीने मारले. तिचा हात मोडला. ती आम्हांकडे आली. आम्ही तिचा हात बांधून आणविला, महिन्याचे धान्य दिले आणि क्षमा करण्याचा उपदेश केला. तिची ती टोपली, तो दिवस, पाहणारे साक्षी, यांपैकी एक अक्षरही आम्ही लिहून ठेविले नाही. आमचे कर्तव्य झाले, असे समजून आम्ही निजलो.

चौदा महिन्यांनंतर त्या टोल्यात दुसऱ्याच कामासाठी अशीच एक हक्क अधिकारी आली. आम्ही सोबत होतो. तिने काय केले ते आम्ही पाहिले, आणि ते सांगितले म्हणजे या कामाचे स्वरूप आपोआप कळेल. ती जमिनीवर बसली. प्रथम विचारले, "मावशी, सांगावेसे वाटते का? नसेल तर राहू द्या." नंतर आपण काय करू शकत नाही हे तिने सांगितले, म्हणजे म्हातारीस खोटी आशा लागू नये. मग ऐकले, लिहिले व लिहिलेले पुन्हा वाचून दाखविले. नाव उघड केले तर चालेल काय, त्यामुळे कोणाचा त्रास होईल काय, हेही विचारले. पुढे ती साक्षीदारांस वेगवेगळी भेटली, दवाखान्यातील नोंद तिने पाहिली, आणि ज्याच्यावर आरोप होता त्याचेही म्हणणे ऐकले. शेवटी आमच्याकडे वळून म्हणाली, "फादर, त्या वेळी आपण काय लिहून ठेविले होते?"

आम्ही निरुत्तर झालो. आपल्या देशात मानवी हक्क संरक्षण अधिनियम १९९३ साली झाला व त्याच वर्षी १२ ऑक्टोबर रोजी राष्ट्रीय मानवी हक्क आयोग स्थापन झाला. महाराष्ट्राचा आयोग २००१ साली आला. सरकारी नोकराने हक्क तुडविला, किंवा तो तुडविला जात असता डोळेझाक केली, तर आयोगाकडे अर्ज करता येतो. अर्जास शुल्क नाही व तो मराठीत लिहिला तरी चालतो. आयोग संबंधित खात्याकडून अहवाल मागवितो, साक्षीदारांस बोलावू शकतो, भरपाईची व खटला भरण्याची शिफारस करतो. स्वतः शिक्षा देण्याचा अधिकार त्यास नाही. परंतु एक अट आहे: घटना घडून एक वर्ष लोटले म्हणजे आयोगास त्या प्रकरणाची चौकशी करता येत नाही. आमच्या दयेत ते वर्ष निघून गेले होते.

ती वृद्धा आम्हांस रागाने काही बोलली नाही. एवढेच म्हणाली, "हात तर बरा झाला, फादर. पण मी चोर नव्हते, हे कोणी लिहिले नाही."

बंधूंनो, दान व दाद यांतील भेद त्या दिवशी आम्हांस उमगला. दान देणाऱ्याच्या मनावर अवलंबून असते. दाद ही मागणाऱ्याची असते. संत लूकच्या शुभवर्तमानातील ती विधवा आठवा. न्यायाधीशाच्या दारी ती पुनःपुन्हा गेली, पण भिक्षा मागावयास नव्हे. तीस न्याय हवा होता. आम्ही त्या दृष्टांतावर कित्येकदा प्रवचन केले, आणि ती विधवा दारी आली तेव्हा तिच्या हाती पायलीभर तांदूळ ठेविले!

आता काही तरुण म्हणतील, हे हक्कांचे बोलणे परदेशातून आले आहे. तसे नाही. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत केला. त्याच्या पहिल्याच कलमात केवळ 'पुरुष' असा अर्थ निघेल तो शब्द न ठेवता 'सर्व मानव' असे शब्द यावेत, हा आग्रह आपल्या हंसाबेन मेहता यांनी धरला होता. परमगुरू तेविसावे जॉन यांनी ११ एप्रिल १९६३ रोजी जे विश्वपत्र काढिले, त्यात माणसाचे हक्क व त्याची कर्तव्ये एकत्रच सांगितली आहेत. पुढे ४ डिसेंबर १९८६ रोजी त्याच आमसभेने विकास हाही हक्कच आहे असे ठरविले. याचा अर्थ आपल्या भाषेत असा: गावात बोअरिंग खोदली म्हणजे दाता बोअरिंगा मोजतो, हक्क अधिकारी विचारतो की, या पाण्यावर कोणास येऊ दिले जात नाही? जागा ठरविताना कोणास विचारले? आणि तक्रार असेल तर ती ऐकणार कोण?

हे हक्क आपल्या माणसांपुरते नसतात, याची साक्ष आपल्याच जिल्ह्यात आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ १९७२ सालापासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. त्यांचा देश निराळा, धर्म निराळा. पण घटनेच्या एकविसाव्या कलमात जीविताचे रक्षण 'व्यक्ती'स दिले आहे, केवळ नागरिकास नव्हे. अरुणाचल प्रदेशातील चकमा लोकांसाठी राष्ट्रीय आयोग स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा १९९६ साली न्यायालयाने हेच सांगितले. यास्तव, कन्ये, तू ख्रिस्ती लोकांची वकील म्हणून जात नाहीस. आपल्याच लोकांकडून अन्याय झाला असेल, तर तोही तुला तितक्याच स्पष्टपणे लिहावा लागेल.

आणि तुझे काम परदेशी सहकाऱ्याहून कठीण आहे. अशा संस्थांत काही अधिकारी बाहेरून येतात व मुदत संपताच जातात. जो त्याच देशाचा असतो, त्यास लोकांची बोली कळते, न बोललेलेही कळते. परंतु संध्याकाळी तो त्यांच्यातच परततो. मामा म्हणतील, "एवढे नाव गाळ." शेजारी म्हणतील, "आपल्याच साहेबाविरुद्ध लिहितेस?" तेव्हा दोन गोष्टी स्मरणात ठेव: जे पडताळले नाही ते लिहू नये, आणि जे पडताळले ते पुसू नये.

त्या टोल्याचे पुढे काय झाले, हे आपण विचाराल. आयोगाचे दार बंद झाले होते. दुसरे उघडे होते. २००६ च्या वनहक्क कायद्याने मोहफुले, तेंदूपत्ता यांसारख्या गौण वनोपजावर जंगलवासीयांचा हक्क मानला आहे. दावा ग्रामसभेपासून सुरू होतो, आणि गावातील वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब हाही त्यात पुरावा धरला जातो. टोल्यातील लोकांनी सभा भरवून दावा लिहिला. कोणत्या झाडांखाली किती पिढ्या मोहफुले वेचली गेली, हे त्या वृद्धेने सांगितले व खाली अंगठा उठविला. त्या दाव्याचा निकाल अद्याप लागलेला नाही. परंतु सरकारी कागदावर आज तिचे नाव वेचणारी म्हणून आहे. चोर म्हणून नाही.

शेवटी एक विनंती. आपल्या देवळात तीन वह्या आहेत: बाप्तिस्म्याची, लग्नाची व मृत्यूची. त्यांत एका अक्षराचीही चूक होऊ नये म्हणून आम्ही जपतो. या सुवर्णमहोत्सवाची आठवण म्हणून चौथी वही उघडावी, असे आम्हांस वाटते. दर रविवारी मिस्सानंतर दोन लिहितेवाचते तरुण ओट्यावर बसतील. कोणीही, कोणत्याही धर्माचा, येऊन आपले गाऱ्हाणे तारखेसह लिहवून घेईल. ते त्यास वाचून दाखविले जाईल, त्याची प्रत त्याच्या हाती दिली जाईल व मुदतीच्या आत ते कोठे पाठवावयाचे हे सांगितले जाईल. तांदूळ देणे आपण थांबवू नये. पण तांदूळ देण्यापूर्वी विचारावे, "बाई, तुझे काय घेतले गेले?"

जो विधवेचा व अनाथाचा कैवारी आहे, तो प्रभू आपल्या या कन्येच्या लेखणीस सत्य व धैर्य देवो, आणि आमच्या त्या मौनाची आम्हांस क्षमा करो. आमेन.