नाव सांगायचं नसतं



२०२१ मध्ये करोनाची दुसरी लाट आली, तेव्हा माझी भाची नर्सिंगच्या, म्हणजे जीएनएमच्या, शेवटच्या वर्षाला होती. जुन्नरजवळ लेण्याद्रीला आणि आंबेगाव तालुक्यात अवसरीला कोविड केंद्रं चालू होती. जिथे यात्रेकरू उतरायचे किंवा इंजिनिअरिंगची मुलं राहायची, तिथे रुग्णांच्या खाटा लागल्या होत्या. मे महिन्यात केंद्र सरकारनं सांगितलं, की शेवटच्या वर्षाच्या नर्सिंग विद्यार्थ्यांना ज्येष्ठांच्या देखरेखीखाली पूर्णवेळ कोविड ड्यूटी देता येईल. आमच्या पोरीलाही अशीच एका वॉर्डात ड्यूटी लागली.

त्याआधीचं बरंचसं शिक्षण मोबाइलवर झालेलं. तिची एक मैत्रीण आहुपे खोऱ्यातली. तिला तासाला बसायचं तर रेंजसाठी टेकाड चढावं लागे. आता सांगा, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस कशी बदलायची, हे मोबाइलवर किती कळणार?

वॉर्डातल्या इन्चार्ज सिस्टरनी या मुलींना पहिल्या दिवशी रुग्णाजवळ जाऊच दिलं नाही. पीपीई किट काढायला शिकवलं. घालायला नव्हे, काढायला. घालताना चूक झाली तर शेजारणीला दिसते. काढताना झालेली कुणालाच दिसत नाही. आधी हातमोजे, मास्क सर्वांत शेवटी, आणि मधेमधे हात धुणं. पाण्याचा थेंब न घेता तासन् तास उभं राहिलेलं माणूस नेमकं तिथेच घाई करतं. मग ऑक्सिमीटर. बोट गार असेल, नखाला नेलपॉलिश असेल, तर आकडा फसवतो. बोट चोळायचं, थांबायचं, पुन्हा बघायचं. आकडा, वेळ, सही. 'लिहिलं नाही ते केलं नाही,' हे सिस्टरांचं पालुपद भाची घरीही म्हणायला लागली.

व्यावसायिकता म्हटलं, की आपल्याला दुकान आठवतं आणि सेवा म्हटलं, की देव्हारा. मला आपला 'पेशा' हा जुना शब्द बरा वाटतो. २०२० हे जागतिक आरोग्य संघटनेनं परिचारिका आणि सुईणींचं वर्ष म्हणून आधीच जाहीर केलं होतं. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या जन्माला २०० वर्षं होत होती. त्या वर्षी आपण थाळ्या वाजवल्या. मीही वाजवली. वर एक कविता लिहिली, तीत परिचारिकांना फरिश्ते म्हटलं. भाचीनं वाचली आणि म्हणाली, "मामू, फरिश्त्यांना हातमोजे लागत नाहीत, आम्हाला लागतात. विद्यावेतनही लागतं." घरात असा समीक्षक असू नये.

आता मुद्द्याची गोष्ट. एका संध्याकाळी ती ड्यूटीवरून आली, अंघोळ करून लांब ओट्यावर बसली. मोहल्ल्यात कुजबुज होती, की आपल्यातलं कुणीतरी तिच्या वॉर्डात आहे. मी सहज विचारलं, कोण गं? ती गप्प. मी पुन्हा विचारलं. म्हटलं, आपण काळजी घ्यायला नको का? आम्ही घरात दखनी बोलतो. पण ती मराठीत, कॉलेजात शिकलेल्या स्वरात म्हणाली, "ज्यांना कळवायचं, त्यांना कळवलंय. बाकी कुणाला पेशंटचं नाव सांगायचं नसतं."

मला राग आला. वीस-एकवीस वर्षांची पोर मला शिकवते! रात्री मात्र झोप लागेना. २०२० च्या एप्रिलमध्ये या आजाराला एक धर्म चिकटवला गेला होता. रुग्णांची नावं पसरवू नका, कुठल्याही समाजावर शिक्का मारू नका, असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला सांगावं लागलं. ते दिवस आमच्या मोहल्ल्यानं सोसले होते. आणि वर्षभरानं मीच ओट्यावर बसून नाव विचारत होतो.

नाव फुटायची भीती असली, की माणूस आजार लपवतो. १८९७ च्या प्लेगात पुण्यात रँडच्या हुकमतीखाली गोरे सोजीर घरोघर शिरून रोगी शोधायचे. लोक आपली माणसं माळ्यावर नि अडगळीत दडवायचे. त्याच साथीत सावित्रीबाई फुल्यांनी मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन यशवंतच्या दवाखान्यात आणलं आणि १० मार्चला त्या स्वतः प्लेगनं गेल्या. परिचारिकांच्या सत्कारात सावित्रीबाईंचं नाव आपण घेतो, ते योग्यच. पण पाठीवर येण्याइतका विश्वास त्या मुलाच्या माणसांना कसा वाटला असेल, हा विचार मी तरी तोवर केला नव्हता. २०२१ मध्ये सोजीर नव्हते, शेजारी होते. 'लोक काय म्हणतील' म्हणून चार दिवस घरी काढलेला माणूस वॉर्डात आला, की ऑक्सिजन ऐंशीच्या घरात असायचा, असं भाची सांगे. नाव न घेता, अर्थात.

दोनेक वर्षांनी जुन्नरच्या एसटी स्टँडजवळ चहा पिताना एका जुन्या दोस्तानं आपणहून सांगितलं, "तुझ्या भाचीनं मला रात्र रात्र पालथं झोपवलं. कूस वळवली की ओरडायची." मी घरी येऊन तिला विचारलं, अगं, तो तुझ्या वॉर्डात होता, बोलली नाहीस?

"हो का?" म्हणाली, आणि उठून चहा टाकायला गेली.