नाव कुणी ठेवलं, का ठेवलं?

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत केलेलं भाषण)

 

मला विषय दिलाय बाळाच्या नावाचा. तो मीच मागून घेतला. हल्ली बैठक संपली की कुणी ना कुणी मोबाईल पुढं करते, "ताई, सुनेनं हे नाव काढलंय, अर्थ बघा की." वेगळं नाव पाहिजे, गावात दुसऱ्या कुणाचं नसलेलं. हौस आहे, असू द्या. पण मोबाईलवरच्या यादीत कुठल्याही नावापुढं 'देवीचं नाव' नाहीतर 'सूर्याचा किरण' असं लिहिलेलं असतं. तेवढ्यावर जाऊ नका. शाळेतल्या मराठीच्या बाईंना विचारा, शब्दकोशात बघा.

आणि वेगळं नाव शोधायला एवढं लांब जायची तरी काय गरज आहे? आपल्या गटांची रजिस्टरं उघडा. रखमा म्हणजे रुक्मिणी, आणि रुक्म म्हणजे सोनं. साऊ म्हणजे सावित्री, त्यात सविता आहे, म्हणजे सूर्य. अनुसया लिहितो ते मूळचं अनसूया, म्हणजे जिच्या मनात असूया नाही ती. मुक्ता म्हणजे मोकळी, आणि संस्कृतात मुक्ता म्हणजे मोतीसुद्धा. आदिवासी पाड्यांवर सोमी, बुधी, मंगळी अशी नावं भेटतात, ज्या वारी जन्मली त्या वाराची. नावातच जन्माचा दाखला!

आता जरा वेगळ्या नावांकडं येते. दगडू, धोंडू, भिकू, केरू, उकिर्डा. हसू नका, तुमच्या घरात एखादा आजा ह्यातला असणारच. पूर्वी मुलं जगायची नाहीत. दोन-तीन गेली की पुढच्याला असं नाव ठेवायचे, की काळाची नजर पडू नये. हा दगड आहे, भीक मागून आणलेला आहे, केरातला आहे, ह्याला नेऊन काय करशील? (धोंड्याच्या महिन्यात जन्मला म्हणूनही धोंडू व्हायचा, ते निराळं.) ज्यांनी १९१६ साली बायकांसाठी विद्यापीठ काढलं ते महर्षी कर्वे, त्यांचं नाव धोंडो. पुण्याच्या गणपतीला ज्यांचं नाव आहे ते शेठही दगडूच.

आणि नथू? पोराचं नाक टोचून त्यात नथ घालायची, म्हणून नथू. काळाला वाटावं ही मुलगी आहे. मुलगी म्हटल्यावर तो फिरकणार नाही, असा हिशेब. ह्या हिशेबावर जरा थांबा. पोरगा वाचवायचा तर त्याला पोरगी करून दाखवायचं, कारण पोरीला काळसुद्धा नेत नाही. इतकी तिची किंमत.

म्हणून मुलींची वाईट नावं आणि मुलांची वाईट नावं एक नाहीत. दगडू नाव ठेवणारी आई मनात म्हणत होती, हा माझ्याजवळ राहू दे. नकुशा नाव ठेवणारं घर म्हणत होतं, देवा, आता पुरे, ही नको होती, पुढचा मुलगा दे. ऐकायला दोन्ही सारखीच ओबडधोबड, पण आतली मागणी उलटी.

माझ्या सासूबाईंचं नाव नकुशा. चौथी मुलगी. गटात आल्या तेव्हा अंगठा द्यायच्या. आपला नियम होता, अंगठा नको, सही पाहिजे. मीच त्यांना शिकवायला बसले. पाटीवर न काढला, कु काढला, शा काढला. महिनाभर गिरवून एक दिवस त्यांनी न बघता तीन अक्षरं लिहिली आणि पाटी लांब धरून बघत बसल्या. म्हणाल्या, "अर्थ मला ठाव हाय गं. पर लिवल्यालं पहिल्यांदा बघितलं." साठ वर्षं ऐकलेलं नाव. आयुष्यात स्वतःच्या हातानं लिहिलेला पहिला शब्द, आणि त्याचा अर्थ 'नको'. तेव्हापासून मला कुठल्याही नावाचा अर्थ विचारल्याशिवाय राहवत नाही.

हे आपल्याकडचंच नाही. हरियाणात भतेरी असतात, राजस्थानात धापू, दोन्हीचा अर्थ 'पुरे झालं'. तमिळनाडूत काही मुलींचं नाव वेंडाम, म्हणजे 'नको'. भाषा बदलली, रडगाणं तेच.

सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये अशा २८५ मुलींचं एकदम नव्यानं बारसं झालं. सरकारी कार्यक्रम, प्रमाणपत्रं, फुलं. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी सावित्री. मी घरी येऊन सासूबाईंना म्हटलं, तुमचंही बदलूया का? त्या म्हणाल्या, "सातबाऱ्यावर त्येच, पासबुकात त्येच. बदलाया गेले तर आधी ही ती बाईच न्हवं म्हणतील." नाही बदललं. मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, कागदांचा हिशेब त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होता.

त्याच आपल्या मुलखात हौसाबाई नावही होतं, विसरू नका. क्रांतिसिंह नाना पाटलांची लेक हौसाबाई, प्रतिसरकारच्या लढ्यात उतरलेली. हौसेनं झालेली, हौसेची, ती हौसा. आणि इरावती कर्वे. वडील ब्रह्मदेशात नोकरीला, लेक १९०५ साली तिथं जन्मली, तर तिथल्या मोठ्या नदीचंच नाव तिला दिलं. पुढं ती धोंडो कर्व्यांची सून झाली, माणसांच्या चालीरीतींचा अभ्यास करणारी मोठी विदुषी झाली. सासरा दगड आणि सून नदी, असं मी गमतीनं म्हणते.

आता कामाचं.

तुम्ही म्हणाल, ताई, आता कोण ठेवतंय नकुशा? खरंय. आता दुसरंच होतं. पहिल्या मुलाच्या बारशाला मांडव असतो. तिसऱ्या मुलीच्या बारशाला "बघू पुढं". जन्माची नोंद दवाखान्यातून होते, पण नावाचा रकाना रिकामा. घरात छकुली, चिमी, बाळी. शाळेत घालायच्या वेळी मास्तर विचारतात तेव्हा कुणीतरी उभ्याउभ्या नाव सांगतं. ते दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरंच होतं. अशा तीन मुली माझ्या एकट्या गावात निघाल्या. तो रिकामा रकाना मला नकुशाचाच भाऊबंद वाटतो.

म्हणून लक्षात ठेवा. घरी जन्म झाला तर २१ दिवसांत ग्रामपंचायतीत नोंद करा, पैसे लागत नाहीत. नाव नंतर घातलं तरी चालतं. १२ महिन्यांच्या आत फुकट, पुढं १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, मतदार यादी, वाहन परवाना, सरकारी नोकरी ह्या सगळ्याला जन्मदाखलाच दाखवावा लागणार आहे. रकाना रिकामा ठेवून भागणार नाही.

आणि ही गोष्ट तुमच्या स्वतःच्या नावाची. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदावर आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव. म्हणजे बाळाच्या पाठोपाठ तुम्ही. पण तुम्ही म्हणजे कोण? माहेरची सुनंदा, की तांदळात अंगठीनं लिहिलेली वैशाली? लग्नात पहिलं नाव बदललंच पाहिजे असा कुठलाही कायदा नाही. बदललं असेल आणि आवडत असेल तर राहू द्या, पण आधार, पासबुक, रेशनकार्ड तिन्हीकडं एकच असू द्या. वेगवेगळं असेल तर बाळंतपणाच्या आधी दुरुस्त करून घ्या. दवाखान्यात जे सांगाल तेच बाळाच्या दाखल्यावर चढतं. नाव पूर्ण बदलायचं असेल तर राजपत्रात छापून आणावं लागतं. मुलीचं बदलायचं असेल तर ती शाळेत असतानाच बदला, शाळा सुटल्यावर दाखल्यात बदल करणं फार जिकिरीचं.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत प्रत्येक गटानं हा विषय घ्यायचाय. हप्ते झाले की, उठायच्या आधी. पाच वर्षांखालच्या सगळ्या मुलींचे जन्मदाखले सोबत आणायचे, घडी उलगडून नावाचा रकाना एकमेकींना दाखवायचा. जिचा रिकामा असेल तिच्या आईला रागवायचं नाही. तिथंच नाव ठरवायचं, अर्थ विचारायचा आणि दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत एकीनं ग्रामपंचायतीत जायचं. आत्या नसेल तर कानात नाव सांगायला आपण आहोतच.

आमच्या गटात गेल्या महिन्यात एक नाव राहिलं होतं. सासूबाई मागं बसल्या होत्या, कुणी विचारायच्या आत म्हणाल्या, "हौसा लिवा."