मिनीडीव्ही टेप संगणकावर घेताना

घरच्या लग्नाचं शूटिंग अजून मिनीडीव्ही कॅसेटमध्येच आहे? संगणकाला कॅमेरा दिसत नसेल, तर आधी केबल पाहा. अशा बऱ्याच कॅमेऱ्यांत यूएसबीतून फक्त फोटो उतरतात. मूळ दर्जाच्या व्हिडिओसाठी फायरवायर केबलच लागते. कॅमेरा रेकॉर्डवर नको, प्लेवर ठेवा.

कॅप्चर मध्येच थांबतंय? टेपवर कोरी जागा सुटली असेल, तर टाइमकोड पुन्हा शून्यापासून सुरू होतो आणि सॉफ्टवेअर अडखळतं. पुढचा भाग वेगळा घ्या. फाइल ४ जीबीला अडली, तर डिस्क बहुधा फॅट-३२ फॉरमॅटची असेल, एनटीएफएस फॉरमॅटची वापरा. तासाभराच्या टेपला सुमारे १३ जीबी लागतात. चित्रात चौकोन उमटले, तर हेड क्लीनिंग कॅसेट काही सेकंदच फिरवा. फाइल पूर्ण पाहिल्याशिवाय टेप पुसू नका.