परवान्याची स्थगिती आणि तातडीचा अर्थ
(गारखेडा येथील अभ्यासवर्गातील भाषण)

चिकलठाण्याच्या कारखान्यांतला माल न्हावाशेवा बंदरातून परदेशी जातो, तेव्हा सीमाशुल्काचे कागद बहुधा परवानाधारक दलाल सादर करतो. ग्राहकाची ओळख व पत्ता पडताळणे, त्याने कायदा पाळला नाही तर अधिकाऱ्यास कळवणे, ही कर्तव्ये 2018 च्या नियमांनी त्याच्यावर टाकली आहेत. शुल्क बुडते ते जनतेचे. म्हणून कसूर करणाऱ्या दलालाची कणव येण्याचे कारण नाही.

परंतु स्थगिती ही शिक्षा नव्हे. चौकशी चालू वा योजिलेली असावी आणि तातडीची कारवाई आवश्यक असावी, एवढाच तिचा आधार. सुनावणी मागाहून, 15 दिवसांत. आदेश त्यापुढील 15 दिवसांत. मग महिनोन्महिने धूळ खात पडलेल्या प्रकरणात एका सकाळी तातडी कोठून उपजते? परवाना रद्द करण्याच्या कार्यवाहीची जुन्या नियमांतील मुदत मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये केवळ निर्देशक ठरवली. खात्याला विलंबाची मुभा मिळते. दलालाकडील कारकुनाचा पगार मात्र पहिल्याच महिन्यात थांबतो. तातडीची कारणे आदेशातच लिहावीत, आणि 30 दिवसांत निर्णय न झाल्यास स्थगिती आपोआप संपावी, एवढी दुरुस्ती मागितली पाहिजे.