सही करण्याआधी



पशुवैद्यकांच्या या अधिवेशनाच्या अध्यक्षपदाचा मान तुम्ही मला दिलात.  परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयातून मी १९८५ साली बाहेर पडले तेव्हा वर्गात आम्ही मुली मोजून तीन होतो. आज या सभागृहात निम्म्याहून अधिक मुली दिसतात, त्याचा आनंद वाटतो.

अध्यक्षाने वर्षभराचा आढावा घ्यावा अशी आपली प्रथा आहे. रेबीज लसीकरण, गोचीडताप, नव्या तपासण्या, शुल्काचा प्रश्न, हे सगळं छापील अहवालात आलं आहे आणि तो अहवाल तुमच्या पिशवीत आहे. तो जरूर वाचा. मला आज मिळालेली ही चाळीस मिनिटं एकाच गोष्टीसाठी वापरायची आहेत. ती गोष्ट गेली वीस वर्षं माझ्या घशात अडकून बसली आहे.

विषय आहे महाकाय राखण्या कुत्र्यांचा. ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, मॅस्टिफ, तिबेटी मॅस्टिफ, केन कोर्सो, आणि आता आलेला कॉकेशियन शेफर्ड. माझी प्रॅक्टिस नाशिकची. द्राक्षबागा वाढल्या, बागेत बंगले उठले, बंगल्याला फाटक आलं आणि फाटकाशी बांधायला मोठ्यात मोठं कुत्रं आलं. पिल्लू घ्यायला जाणारा माणूस आधी पंजा हातात धरून बघतो. "मॅडम, हाडपेर बघा कसलं आहे!" हे वाक्य मी किती हजार वेळा ऐकलं असेल! पिल्लाच्या बापाचे खुबे कसे होते, आईचा स्वभाव कसा होता, हे विचारणारा माणूस मला वर्षाला एखादा भेटला तर भेटला.

सकाळच्या सत्रात बंदीवरून वादावादी झाली. केंद्राचं १२ मार्च २०२४ चं परिपत्रक तुम्हाला आठवत असेल. तेवीस जातींची यादी होती, त्यांची आयात, पैदास आणि विक्री बंद, आणि पाळलेल्या कुत्र्यांची नसबंदी. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द ठरवलं. आपले काही सहकारी म्हणतात, यादी हवीच होती. काही म्हणतात, यादी मूर्खपणाची होती. मी एवढंच सांगते की ते परिपत्रक निघालं त्या आठवड्यात माझ्या दवाखान्यात तीन जण आले, आणि तिघांनी लसीच्या कार्डावर जात बदलून मागितली. केन कोर्सोच्या जागी 'लॅब्राडॉर क्रॉस' लिहा म्हणाले. तिघांनाही मी परत पाठवलं. आणि माझ्या पाहण्यातला सगळ्यात भयंकर चावा कोणाचा, तर यादीत नाव नसलेल्या सेंट बर्नार्डचा. पत्र्याच्या शेडमध्ये, तीन फुटी साखळीला, पाच वर्षं. राखणदार व्हावा म्हणून माणसापासून तोडून ठेवलेला. पाणी ठेवायला गेलेल्या मजुराची पोटरी त्याने फाडली. मी त्या शेडमध्ये गेले तेव्हा जमिनीवर साखळीने कोरलेलं अर्धवर्तुळ दिसत होतं, फरशीत कोरल्यासारखं. ज्यांना यादीवर वाद घालायचा आहे त्यांनी ते अर्धवर्तुळ आधी डोळ्यांसमोर आणावं.

राखण म्हणजे काय, हे आपण विसरलो आहोत. सिन्नर भागात दिवाळीनंतर धनगरांचे तळ पडतात, शेतकरी खतासाठी शेतात मेंढ्या बसवून घेतात. मी नवी नवी होते तेव्हा तिथे मेंढ्यांना औषध पाजायला जायचे. एका म्हाताऱ्या धनगराला मी विचारलं, "बाबा, कुत्र्याला शिकवता कसं?" तो म्हणाला, "शिकवायचं कशाला? पिल्लू डोळे उघडतं ते मेंढरातच. पण कोकराला दात लावणारं कुत्रं आम्ही ठेवत न्हाई, आणि त्याची पिल्लं तर न्हाईच न्हाई. खोड पिल्लात उतरती, ताई." माझ्या पाच वर्षांच्या शिक्षणात प्रजननाविषयी याहून नेमकं वाक्य मला कोणी सांगितलं नव्हतं. हिमाचलातल्या गद्दी मेंढपाळांचं कुत्रंही अशीच मेंढरांची राखण करतं, गळ्यात बिबट्यापासून बचावासाठी लोखंडी काट्यांचा पट्टा घालून. आफ्रिकेत नामिबियात चीता कॉन्झर्वेशन फंडाने १९९४ पासून तुर्कस्तानच्या वंशाची कंगाल आणि अनातोलियन शेफर्ड पिल्लं शेतकऱ्यांना द्यायला सुरुवात केली. पिल्लू लहानपणीच शेळ्यांमध्ये सोडतात. चित्ता आला की ते शेळ्यांच्या आणि चित्त्याच्या मध्ये उभं राहून भुंकतं, आणि चित्ता बहुतेक वेळा निघून जातो. शेळ्या वाचतात, आणि शेतकऱ्याच्या बंदुकीतून चित्ताही वाचतो. राखण्या कुत्र्याचं काम अंगावर धावून जाण्याचं कमी आणि जागच्या जागी ठाम उभं राहण्याचं जास्त. ज्याला घरची माणसं माहीत नाहीत, पाहुणा माहीत नाही, दूधवाला माहीत नाही, ते कुत्रं राखण कशाची करणार? ते फक्त घाबरणार, आणि सत्तर किलोचं घाबरलेलं जनावर काय करतं, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

सेंट बर्नार्डविषयी दोन शब्द बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सीमेवरच्या खिंडीत, जवळपास अडीच हजार मीटर उंचीवर, मठातल्या साधूंनी ही कुत्री सांभाळली. त्यांच्यातला बॅरी १८१४ साली मेला. त्याचा देह आजही बर्नच्या संग्रहालयात आहे. मूळची ही कुत्री आखूड केसांची. एकोणिसाव्या शतकात वंश खालावला म्हणून न्यूफाउंडलँडचं रक्त मिसळलं आणि पिल्लांचे केस लांब आले. त्या केसांना बर्फाचे गोळे चिकटून कुत्री जड व्हायला लागली, म्हणून साधूंनी लांब केसांची पिल्लं खाली दरीतल्या लोकांना देऊन टाकली. म्हणजे बर्फातल्या कामाला जे केस नको झाले, तेच केस आज नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हात 'शो कोट' म्हणून विकले जातात. मे महिन्यात उष्माघात होऊन आलेलं असं कुत्रं टेबलावर घेताना मला त्या साधूंची आठवण येते. कुत्र्याला काय सोसतं आणि काय सोसत नाही, हे त्यांनी पाहिलं होतं.

दुपारी नसबंदीच्या वयावर चर्चा झाली. पहिल्या माजाआधी करावी, असं तरुण सहकारी म्हणाले. लॅब्राडॉरचा हिशेब मला माहीत नाही, मी महाकाय जातींपुरतं बोलते. एकाच वेतातल्या दोन डेन बहिणी माझ्याकडे होत्या. एकीची शस्त्रक्रिया मी पाचव्या महिन्यात केली, दुसरीची मालक गावी गेल्यामुळे राहून गेली आणि दोन वर्षांनी झाली. पहिली उंच वाढली, पाय काठीसारखे लांब झाले, आणि तिसऱ्या वर्षी गुडघ्याचा बंध तुटला. दुसरी नऊ वर्षं चालली. दोन बहिणींवरून शास्त्र बनत नाही, असं तुम्ही म्हणाल. ठीक आहे. पण हाडांची टोकं मिटेपर्यंत संप्रेरकांचं काम असतं, हे शास्त्र तर तुम्हीच शिकवता. मी त्या दिवसापासून महाकाय मादीला वाढ पूर्ण होईपर्यंत हात लावत नाही.

गॅस्ट्रोपेक्सीचंही तेच. निरोगी कुत्र्याचं जठर आधीच टाके घालून पोटाच्या भिंतीला का बांधायचं, असा प्रश्न आला. एका फार्महाऊसवर लग्न होतं. उरलेलं जेवण डेनने खाल्लं, वर पाणी प्यायलं, आणि रात्री अकराला ओकाऱ्या सुरू झाल्या. ओकारी येते पण बाहेर काही पडत नाही. पोट ढोलासारखं. लोकांनी त्याला ओवा पाजला. चाळीस किलोमीटर आणेपर्यंत दोन वाजले. जठराला पीळ पडून प्लीहा काळीनिळी झाली होती. मला टाका घालायची संधीसुद्धा मिळाली नाही. तेव्हापासून नसबंदीसाठी पोट उघडलं की डेनचं जठर मी बांधतेच.

कॅल्शियमच्या बाटल्यांविषयी फार बोलत नाही. १९७४ साली कॉर्नेलमध्ये हेडहॅमर आणि सहकाऱ्यांनी डेनच्या पिल्लांना भरपूर खायला घालून हाडं कशी बिघडतात ते दाखवलं. १९८५ मध्ये नेदरलँडमध्ये हेझविंकेल यांनी जादा कॅल्शियमचा परिणाम दाखवला. पिल्लाच्या आतड्याला नको असलेलं कॅल्शियम नाकारता येत नाही. तरी आजही आपल्याच चिठ्ठीवर ते सिरप लिहिलेलं मी पाहते.

आता मूळ गोष्ट.

२००२ साली एक डेन माझ्याकडे आला. दहा महिन्यांचा नर, काळा, डोकं असं की बघत राहावं. मालक भला माणूस, पैदासीचा व्यवसाय नुकताच सुरू केलेला. स्टड म्हणून वापरायला 'फिट'चा दाखला हवा म्हणाला. मी छाती ऐकली, वृषण तपासले, दात बघितले, त्याला दोन फेऱ्या चालवलं आणि लेटरहेडवर लिहून दिलं: 'निरोगी, प्रजननास योग्य.' एक्स-रे काढायला गावाच्या दुसऱ्या टोकाला जावं लागायचं, कुत्र्याला भूल द्यावी लागायची, आणि बाहेर सात-आठ जण थांबले होते. पाच मिनिटांत काम झालं.

जन्मताना जेमतेम अर्धा-पाऊण किलोचं पिल्लू वर्षाच्या आत पन्नास किलोच्या घरात जातं. दहाव्या महिन्यात त्याच्या खुब्यांवरून अंतिम निवाडा करता येत नाही. युरोपात एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वानसंघटनेच्या नियमाने महाकाय जातींचे खुबे 'ए' ते 'ई' असे तपासतात, तेही दीड वर्षाचं झाल्यावरच. अमेरिकेत अंतिम दाखला दोन वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. जर्मनीत लिऑनबर्गरसारख्या जातीत एक्स-रे आणि स्वभावाची परीक्षा पास झाल्याशिवाय कुत्र्याला पैदासीत घेत नाहीत. हे मी तेव्हा वाचलेलं होतं. माहीत नव्हतं, असं मला म्हणता येणार नाही.

पुढच्या तीन वर्षांत लंगडणारे डेन यायला लागले. सातव्या-आठव्या महिन्यात जिने चढेनात, मागचे दोन्ही पाय एकदम उचलून सशासारखे पळत. मी आधी खाण्याला दोष दिला, मग फरशीला. मग एका शिक्षक दांपत्याने चौदा महिन्यांची मादी आणली. चालवत नाही, चादरीत घालून, चार जणांनी चार कोपरे धरून. वजन बासष्ट किलो. एक्स-रेत खुब्याची वाटी राहिलीच नव्हती. बशीसारखी सपाट झाली होती आणि मांडीच्या हाडाचं डोकं तिच्यावरून घसरत होतं. पिल्लू कुठून घेतलं, ते मी विचारलं. बाईंनी पिशवीतून एक प्लॅस्टिकची फाइल काढली. लसीचं कार्ड, वंशावळीचा कागद, आणि तिसऱ्या कप्प्यात लॅमिनेट केलेली झेरॉक्स. माझं लेटरहेड, माझी सही. 'निरोगी, प्रजननास योग्य.' बाई म्हणाल्या, "डॉक्टरांचा दाखला होता म्हणून तर आम्ही घेतलं. तुमचाच होता, म्हणून इथे आलो."

दोन दिवसांनी त्या मादीला मी शेवटचं इंजेक्शन दिलं. डोकं बाईंच्या मांडीवर होतं.

पुढे २०१७ चे श्वान प्रजनन नियम आले. मादी दीड वर्षाच्या आत भरवायची नाही, पिल्लू आठ आठवड्यांच्या आत विकायचं नाही, नोंदणी हवी, चिप हवी, पशुवैद्यकाची खात्री हवी. नियम चांगले आहेत. पण त्या खात्रीवर सही कोणाची असते? पैदासकाराला दोष देणं सोपं आहे, गिऱ्हाइकाला दोष देणं त्याहून सोपं. चीनमध्ये तिबेटी मॅस्टिफला एवढा भाव चढला की २०१४ मध्ये एक पिल्लू एक कोटी वीस लाख युआनला विकलं गेलं, आणि बाजार कोसळल्यावर तीच कुत्री पठारावर बेवारस सोडली गेली. आपल्याकडची पैदासही त्याच वाटेने जाऊ शकते. आणि त्या वाटेवर प्रत्येक पिल्लाच्या फाइलमध्ये आपल्यापैकी कोणाचा तरी कागद असणार आहे.

काही जण म्हणतील, मी नाही म्हटलं तर तो शेजारच्या गल्लीत जाऊन दाखला आणेल. मला गेली वीस वर्षं हेच ऐकवलं जातं. जाऊ दे. मी २००५ पासून दोन वर्षं पूर्ण झाल्याशिवाय, खुब्याचा एक्स-रे बघितल्याशिवाय आणि कुत्र्याच्या अंगणात जाऊन त्याला सुटं, साखळीशिवाय, घरच्या माणसांत बघितल्याशिवाय एकाही महाकाय कुत्र्याच्या पैदासीवर सही केलेली नाही. बरीच गिऱ्हाइकं गेली. त्यातली काही चार-पाच वर्षांनी परत आली, तीही स्वतः एक्स-रे घेऊन.

या सभागृहातल्या प्रत्येकाने आजपासून असंच करावं, एवढीच माझी मागणी आहे. त्यासाठी नमुना दाखला तयार करायचा आहे. एक्स-रे वाचून प्रतवारी देणाऱ्या अनुभवी सहकाऱ्यांचा एक गट असावा, असंही मनात आहे. जन्मलेल्या प्रत्येक महाकाय पिल्लाची आई-बापासकट नोंद ठेवायची वही निघावी. ती कोणी ठेवायची, खर्च कुठून, जिल्ह्याजिल्ह्यात कशी चालवायची, हे कार्यकारिणी बसून ठरवेल. मी माझ्या परीने वेळ देईन. सिन्नरच्या तळांवर जाऊन धनगरांकडच्या कुत्र्यांची नोंद घ्यायचंही कधीचं राहून गेलं आहे, विद्यार्थ्यांपैकी कोणी सोबत येणार असेल तर मला भेटा.

ती लॅमिनेट केलेली झेरॉक्स बाईंनी त्या दिवशी नेली नाही, माझ्या टेबलावरच राहिली. आज मी ती सोबत आणली आहे. चहाच्या वेळी नोंदणीच्या टेबलावर ठेवते.