पडद्यावरचे डॉक्टर, पडद्यावरच्या सिस्टर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी सभासद भगिनींनी आपापल्या आवडीच्या विषयावर दहा मिनिटे बोलावे असे कार्यकारिणीने ठरवले आणि मला न विचारताच माझे नाव यादीत घातले. माझ्याआधी कुणी भरतकामावर बोलल्या, कुणी परसबागेवर. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. चारचौघींत तोंड उघडण्याचा माझा सराव हळदीकुंकवाला उखाणा घेण्यापुरताच. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "नळावर त्या अमेरिकेतल्या डॉक्टरांबद्दल तुम्ही जे रोज बोलता, तेच इथे बोला." तेव्हा तेच बोलते. गोड मानून घ्या.

माझा नाद तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. "इ. आर." नावाची एक अमेरिकन मालिका आहे. इ. आर. म्हणजे आपण ज्याला कॅज्युअल्टी म्हणतो ती जागा. १९ सप्टेंबर १९९४ रोजी ती तिकडच्या दूरचित्रवाणीवर सुरू झाली आणि २ एप्रिल २००९ रोजी संपली. पंधरा वर्षांत ३३१ भाग झाले. मायकेल क्रायटन या लेखकाने वैद्यकीचे शिक्षण घेताना कॅज्युअल्टीत जे पाहिले, त्यावर १९७४ साली एक चित्रपटकथा लिहिली. ती वीस वर्षे पडून राहिली आणि मग तिची मालिका झाली. गोष्ट शिकागो शहरातल्या एका सरकारी रुग्णालयाची, म्हणजे रुग्णालय कल्पनेतले. पण तिथली गर्दी, रडारड, कागद आणि कंटाळा अगदी आपल्याकडच्यासारखा.

मला इंग्रजी येत नाही. माझी पुतणी नर्सिंगच्या शिक्षणासाठी तीन वर्षे आमच्याकडे राहिली, तिने मला ही गोडी लावली. रविवारी दुपारी भांडीकुंडी आवरली की ती आपला लॅपटॉप पोळपाटावर ठेवायची. दर दोन मिनिटांनी चित्र थांबवून अर्थ सांगायची. आता ती नोकरीला लागली आहे, तरी सुट्टीला आली की आमची बैठक बसतेच. आमचे हे म्हणतात, "या घरात औषधापेक्षा डॉक्टर जास्त झाले."

आता नटनट्यांविषयी. सुरुवातीचे सहा जण मी झोपेतसुद्धा सांगेन. अँथनी एडवर्ड्‌स म्हणजे डॉक्टर मार्क ग्रीन. जॉर्ज क्लूनी म्हणजे लहान मुलांचे डॉक्टर डग रॉस. शेरी स्ट्रिंगफील्ड म्हणजे डॉक्टर सुझन लुईस. एरिक ला साल म्हणजे शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर बेंटन. नोआ वायली म्हणजे शिकाऊ जॉन कार्टर. आणि जुलियाना मार्गुलीस म्हणजे मुख्य परिचारिका कॅरल हॅथवे. पुढे आणखी पुष्कळ आले. लॉरा इनेस हिने कुबडी घेऊन चालणारी डॉक्टरीण केली आहे, ती कुणाची दया मागत नाही आणि कुणाला सोडतही नाही. २००३ साली परमिंदर नागरा आली, नीला रसगोत्रा या डॉक्टरणीच्या कामात. ही इंग्लंडात जन्मलेली, पंजाबी आईवडिलांची मुलगी. ती पडद्यावर आली तेव्हा मला आपल्याच आळीतली पोर परगावी नोकरीला लागल्यासारखे वाटले.

पुतणीच्या मैत्रिणींना क्लूनी आवडतो. तो देखणा आहे, पुढे सिनेमात फार मोठा झाला, सगळे खरे. पण मला आवडतात ते डॉक्टर ग्रीन. चष्मा, मागे हटत चाललेले केस, पोस्टमास्तरांसारखा शांत चेहरा. २००२ साली मालिकेत ते मेंदूतल्या गाठीने वारले. तो भाग मी पाहिला आणि दोन दिवस मला घास गोड लागेना. हे म्हणाले, "अगं, आता सुतक धरणार आहेस का? तो नट तिकडे खडखडीत आहे." पण कामच असे की नट आठवत नाही, माणूस आठवतो.

यांच्या कामात एवढा खरेपणा येतो कसा, याचे मला फार कुतूहल होते. मालिकेच्या लेखकांत खरे डॉक्टरही होते. आणि नटांची तयारी किती असावी! २५ सप्टेंबर १९९७ चा भाग त्यांनी आधी चित्रित न करता थेट प्रक्षेपणात केला. अमेरिकेच्या पूर्वेकडची आणि पश्चिमेकडची वेळ निराळी, म्हणून एकाच रात्री तोच भाग दोनदा केला. आपण गणेशोत्सवात तासाभराचे नाटक बसवतो तर तीन जणी संवाद विसरतात. त्यांनी सुया, नळ्या आणि ती अवघड औषधांची नावे सांभाळून दोन प्रयोग केले.

नोआ वायलीची गोष्ट तर मला आपल्या घरातल्या मुलाची वाटते. मालिका सुरू झाली तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. पहिल्या दिवशी भांबावलेला, रक्त पाहून बाहेर जाऊन बसणारा विद्यार्थी. त्या कामासाठी त्याचे नाव एमी या पारितोषिकासाठी पाच वेळा पुढे आले, मिळाले एकदाही नाही. जानेवारी २०२५ मध्ये "द पिट" नावाची नवी मालिका सुरू झाली. हे रुग्णालय पिट्सबर्ग शहरातले. पहिल्या हप्त्याचे पंधरा भाग म्हणजे एकाच पाळीचे पंधरा तास. त्यात हाच वायली आता दाढी पिकलेला, थकलेला, दुसऱ्यांना शिकवणारा डॉक्टर रॉबी आहे. करोनाच्या साथीत आपले गुरू गमावल्याचे दुःख घेऊन तो काम करतो. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याला एमी मिळाले. त्याची स्वतःची आई परिचारिका होती. पुतणीने ती बातमी मला फोनवर सांगितली तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. हसू नका, ठेवली खरी.

पण मैत्रिणींनो, मला आज जे सांगायचे आहे ते डॉक्टरांविषयी कमी आणि सिस्टरविषयी अधिक आहे.

"इ. आर."च्या पहिल्याच भागात कॅरल हॅथवे ही परिचारिका स्वतःच रुग्ण म्हणून आणली जाते. तिने गोळ्या खाल्लेल्या असतात. मूळ कथेत ती मरायची होती. पण तिचे काम पाहणाऱ्यांना इतके आवडले की तिला जगवायचे ठरले, आणि १९९५ साली जुलियाना मार्गुलीसला एमी पारितोषिक मिळाले. त्या मालिकेतल्या कायमच्या कलावंतांपैकी अभिनयाचे एमी मिळाले ते तिला एकटीलाच. नंतर बरोबर तीस वर्षांनी, २०२५ साली, "द पिट"मधल्या डेना या मुख्य परिचारिकेच्या कामासाठी कॅथरीन लानासाला तेच पारितोषिक मिळाले. मरायला निघालेली परिचारिका जगली आणि तिच्या वाटेने दुसरी आली. मालिका पाहताना आधी डॉक्टरच दिसतात. पुष्कळ भाग पाहिल्यावर ध्यानात येते की कोणता रुग्ण कुठे आहे, कुणाचे कोण बाहेर रडते आहे, कुणाला आधी आत घ्यायचे, हे सारे सिस्टरच्या डोक्यात असते.

आता माझ्या घरची हकीकत सांगते. मागल्या आषाढात रात्री अकराला सासूबाईंना धाप लागली. आम्ही त्यांना रुग्णालयात नेले. सिस्टरनी त्यांच्या बोटाला चिमटा लावून पाहिले, रक्तदाब घेतला, प्राणवायू लावला आणि बाकावर बसवले. मग कितीतरी वेळ कुणी फिरकले नाही. इतक्यात अपघात झालेला एक मुलगा आला आणि त्याला थेट आत नेले. आमचे धाकटे भावजी भडकले. "आम्ही आधी आलोय! माणसे नाहीत का आम्ही?" असे म्हणत ते सिस्टरच्या अंगावर धावलेच. मी मध्ये उभी राहिले. म्हटले, "भावजी, इथली रांग आल्या वेळेची नसते, जिवाच्या धोक्याची असते. त्यांनी आईंना पाहिले आहे, म्हणूनच बसवले आहे." "द पिट"मध्ये एका गोळीबारानंतर जखमींची रीघ लागते, तेव्हा दारातच प्रत्येकाच्या हाताला रंगाची पट्टी बांधतात. रंगावरून ठरते कुणाला आधी घ्यायचे. ते मी पाहिले नसते तर त्या रात्री भावजींच्या मागोमाग माझाही आवाज चढला असता.

पहाटे सासूबाईंना वर खाटेवर नेले, आणि पाचव्या दिवशी त्या घरी आल्या. निघताना मी त्या सिस्टरना विचारले, "बाई, चहा तरी घेतलात का?" त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की हा प्रश्न त्यांना कधी कुणी विचारलाच नसावा.

आपल्या राज्यात डॉक्टर-परिचारिकांवरील हल्ल्यांविरुद्ध २०१० साली कायदा करावा लागला, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे. "द पिट"मध्ये वाट पाहून संतापलेला एक रुग्ण डेनाच्या तोंडावर ठोसा मारतो. ती नाक पुसून पुन्हा कामाला लागते. मला ते पाहवेना. पुतणी मात्र शांतपणे म्हणाली, "काकू, आमच्यातल्या दोघीतिघींना असे झाले आहे."

माणसे अशी का वागतात, यावर मी पुष्कळ विचार केला. एक कारण असे वाटते की आपल्याला पडद्याने खोटी आशाही लावली आहे. १९९६ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात काही डॉक्टरांनी असा हिशेब छापला, की "इ. आर." आणि तशा दुसऱ्या कार्यक्रमांत बंद पडलेले हृदय छाती दाबून चालू करतात, तेव्हा शंभरातले पंचाहत्तर त्या वेळी वाचतात. प्रत्यक्षात वाचणारे त्याहून फारच थोडे. म्हणजे माझ्या लाडक्या नटांनीही मला थोडे फसवलेच म्हणायचे! पडद्यावर चारातले तीन उठून बसतात, म्हणून आपला माणूस गेला की आपण विचारतो, "आमचाच का नाही वाचवला?"

पण त्याच मालिकेने उलट बाजूही दाखवली आहे. १९९५ साली दाखवलेल्या एका भागात डॉक्टर ग्रीन यांच्याकडे एक गरोदर बाई येते. तिचा त्रास त्यांना आधी साधा वाटतो. पुढे तिला झटके येतात. रात्रभर ते झुंजतात. बाळ वाचते, आई जाते. सकाळी घरी जाताना ते आगगाडीत एकटे बसून रडतात. सुनामुली असलेल्या सगळ्या जणींना मी तो भाग सांगत असते. गरोदरपणी रक्तदाब चढणे, तोंडावर सूज, असह्य डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, यातले काही दिसले तर सकाळची वाट पाहू नये, त्याच घटकेला दवाखाना गाठावा. आणि एवढे करूनही कधी हरणे येते, तेव्हा हरणारा तोही माणूसच असतो.

शेवटी पुतणीचे सांगते. दिवाळीनंतर तिला पाहायला मंडळी आली होती. माणसे चांगली. पोहे झाले, चहा झाला. मग मुलाची आई म्हणाल्या, "मुलगी पसंत आहे. पण रात्रपाळी सोडावी लागेल. आमच्याकडे सून रात्री बाहेर नसते." पोरीचा चेहरा उतरला. थोरल्या जाऊबाई काही बोलेनात, म्हणून मी म्हटले, "बाई, रात्री दोन वाजता आपल्या घरात कुणी आजारी पडले तर तिथे कुणीतरी मुलगी जागी असावी असे आपल्याला वाटते. ती कुणाची तरी सून असणारच. मग ती आपली असली तर बिघडले कुठे?" त्यांच्याकडून अजून निरोप आलेला नाही. न आला तरी आमच्या घरात कुणाला खंत नाही, आणि पोरगी या आठवड्यात रात्रपाळीलाच आहे.

तेव्हा कार्यकारिणीला माझी एक विनंती आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण मामलेदारीणबाईंना बोलावतो, शाळेच्या बाईंना बोलावतो. यंदा आपल्या आरोग्यकेंद्रातल्या आणि रुग्णालयातल्या सिस्टरना बोलवावे. विधवा, कुमारिका, कुठल्या जातीधर्माच्या, हे काही पाहू नये. आणि वेळ आपल्या सोयीची न ठेवता त्यांच्या पाळीची ठेवावी. सकाळी आठला रात्रपाळी सुटते. आठला तिळगूळ द्यायला आपल्याला काय अडचण आहे? आपण तर पाचलाच उठलेल्या असतो.

"इ. आर." पाहायची कुणाला इच्छा असेल तर रविवारी दुपारी माझ्याकडे यावे. पोळपाट आहे, पाट मात्र आपापला आणावा.